आलुबुखार आणि उसने नाक

दूध करपल्याचा वास मला पुढच्या खोलीत आला. आत जाऊन पाहिले तर माझी मुलगी शेगडीपासून हातभर अंतरावर उभी राहून फोनवर काहीतरी वाचत होती. पातेल्याच्या कडेने तपकिरी फेस उतरला होता, स्वयंपाकघर त्या वासाने भरले होते आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. मी गॅस बंद केला तेव्हा तिने आधी पातेल्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिले. ती नजर माझ्या ओळखीची होती. येरवड्यातल्या एका शाळेत मी बत्तीस वर्षे विज्ञान शिकवले आहे. वही घरी विसरल्याचे सांगणारी, पण गृहपाठ केलेलाच नसलेली मुले अशी पाहतात.

मी तिला डोळे मिटायला सांगितले आणि तिच्या तळहातावर चिमूटभर बडीशेप ठेवली.

"गोड," ती चावून म्हणाली. आणखी काय, असे मी विचारले. ती बराच वेळ चावत राहिली. "आणखी काही नाही."

जिभेला गोड, आंबट, खारट, कडू असे मोजकेच कळते. बडीशेप ही बडीशेप आहे, हे सांगण्याचे काम नाकाचे. ज्यांना खात्री करायची असेल त्यांनी नाक चिमटीत धरून बडीशेप चावावी आणि मग चिमूट सोडावी. सातवीच्या वर्गात हा प्रयोग मी दरवर्षी करून घेत असे. चिमूट सोडताच मुलांच्या चेहऱ्यावर जो उजेड पडतो तो पाहण्यासाठी मी तो कधी वगळला नाही. माझ्या मुलीचे नाक मात्र मोकळेच होते.

तीन आठवड्यांपूर्वी तिला सर्दीतापाने गाठले होते. ताप गेला आणि जाताना वास घेऊन गेला. डॉक्टरांनी सांगितले होते की काही आठवड्यांत येईल, कदाचित काही महिने लागतील, पूर्ववत होईलच असे नाही. हे तिने मला सांगितले नव्हते, वडिलांना सांगितले नव्हते आणि मुख्य म्हणजे कामावर कोणालाही सांगितले नव्हते.

तिचे काम काय ते सांगायला हवे. कोरेगाव पार्कातल्या एका रेस्टॉरंटमध्ये पेयांचा विभाग ती सांभाळते. कोणते मद्य कशात मिसळायचे, किती मापाने, कोणत्या ग्लासात, हे ती ठरवते. गणपतीनंतर तिथे नवी यादी लागायची होती आणि त्या यादीच्या मध्यभागी एक नवीन बाटली होती: आलुबुखार जिनमध्ये मुरवून, साखर घालून केलेले लिकर. त्यापासून तीन कॉकटेल तयार करून दोन रविवारांनी मालकीणबाईंसमोर ठेवायची होती. ती पसंत पडली तर बाणेरला निघणाऱ्या दुसऱ्या शाखेचा सगळा बार तिच्या हाती येणार होता. सहा वर्षे ती या दिवसाची वाट पाहत होती. ज्या माणसाला वासाचा पगार मिळतो त्याचाच वास गेला, हे त्या दोन आठवड्यांत कळले असते तर शाखा राहोच, असलेली जागाही राहिली नसती, अशी तिची खात्री होती. माझीही झाली.

"आई, तू चाखशील?" तिने विचारले.

हा प्रश्न आमच्या घरात किती अवघड आहे, हे बाहेरच्या माणसाला लगेच कळणार नाही. माझ्या सासऱ्यांनी छप्पन साली नागपूरला दीक्षा घेतली. त्या दिवसापासून या घरात मद्याचा थेंब आला नव्हता. दर पौर्णिमेला आम्ही पंचशील म्हणतो आणि त्यातले पाचवे शील नशा आणून माणसाला बेसावध करणाऱ्या पेयांपासून दूर राहण्याचे आहे. वस्तीतल्या विहारात ते म्हणवून घेण्याचे काम माझे पती करतात. मुलीने हा व्यवसाय निवडला तेव्हा ते रागावले नाहीत, बोललेही नाहीत. शेजाऱ्यांनी विचारले तर ती सरबतांच्या खात्यात आहे, असे सांगतात.

मी एक रात्र विचार केला. पोटात जाऊ द्यायचे नाही, चाखायचे आणि थुंकायचे. या व्यवसायात तशी रीत आहेच, असे मुलीने सांगितले होते. सकाळी चहा देताना मी पतींना सगळे सांगितले, तिच्या नाकाचेही. ते वर्तमानपत्र खाली न करता म्हणाले, "शील जिभेचं की पोटाचं, ते मला विचारू नकोस. मी फक्त म्हणवून घेतो." थोड्या वेळाने वर्तमानपत्रामागूनच त्यांनी पोरीला किती दिवसांपासून वास नाही, असे विचारले. त्याला मी संमती समजले.

माझी एक अट होती. मी कोणतेही काम परवान्याशिवाय करत नाही. आपल्या राज्यात मद्य जवळ बाळगायला परवाना लागतो ही गोष्ट पिणारेही विसरतात, मी विसरणार नव्हते. माझे नाव छापलेला तो कागद मुलीने आणून दिला. पतींनी तो दोन्ही बाजूंनी वाचला. "निवृत्तिवेतनाच्या कागदांपेक्षा लवकर झाला," एवढेच ते म्हणाले.

स्वयंपाकघराच्या ओट्यावर मी साहित्य मांडले. सुई नसलेली दहा मिलिलिटरची सिरिंज, खोकल्याच्या औषधाचे मापाचे झाकण, काचेचे सहा लहान पेले, थुंकायला स्टीलची तपेली, खळखळून टाकायला पाणी, मध्ये खायला कोरडे कुरमुरे. प्रयोगवहीही नवी आणली. त्यात साहित्य, कृती, निरीक्षण आणि अनुमान अशी चार शीर्षके आखली. प्रयोगशाळेचा पहिला नियम म्हणून मी हजारो मुलांकडून घोटून घेतले होते की समोरचा पदार्थ कधीही चाखून पाहायचा नाही. तो नियम त्या वहीत लिहिला नाही.

लिकरचा रंग कोकमाच्या आगळासारखा होता, पण उजेडाकडे धरल्यावर त्यात जांभळी कड दिसे. पहिला थेंब मी जिभेवर ठेवला. आधी साखर आली, मुरांब्याच्या पाकासारखी जाड. मग सालीचा आंबट-तुरटपणा आला. आणि मग, तोंड मिटून नाकातून श्वास सोडल्यावर, फळ आले: पिकून मऊ पडलेला आलुबुखार, त्याच्यामागे बीमधल्या कडू बदामाचा वास आणि सगळ्यात शेवटी काहीतरी कोरडे, लाकडी. ते कशाचे, हे मला आठवेना. दुसऱ्यांदा चाखल्यावर आठवले. पेन्सिलीला टोक काढताना येतो तो वास. मुलीने सांगितले की तो जिनचा मूळ वास आहे, एका रानफळाचा. मग ती खाली पाहून म्हणाली, "मला आता फक्त गोड आणि तिखट लागतं. तिखट म्हणजे अल्कोहोल."

कामाची वाटणी तिथेच झाली. गोड-आंबट-कडू तिची जीभ पाहणार, वास माझे नाक पाहणार. तीन पेये होती. पहिल्यात लिकर, लिंबाचा रस आणि सोडा. दुसऱ्यात लिकर, कोकम आणि किंचित काळे मीठ. तिसऱ्यात लिकर, साधी जिन आणि कडसर टॉनिक वॉटर. एका वेळी एकच घटक बदलायचा, बाकीचे स्थिर ठेवायचे. प्रयोगाचा हा नियम मी तिला पुन्हा समजावला आणि तिने निमूटपणे समजावून घेतला. एरवी ती हसली असती.

बर्फाचा प्रश्न दुसऱ्या दिवशी आला. बर्फ कधी किती वितळेल याचा भरवसा नाही, म्हणून तो बाजूला ठेवावा, असे मी सुचवले. वितळून जेवढे पाणी होते तेवढेच पाणी सिरिंजने मोजून घालावे, म्हणजे प्रत्येक पेला सारखा होईल. ती क्षणभर थांबली. पण बर्फ मोजण्याचा तिला अंदाज होता, पाण्याचा आकडा तिने अचूक सांगितला, आणि माझे म्हणणे तर्काला धरून होते. शिवाय मला गार चालत नाही. शाळेत लागल्यापासून मी गार पाणी प्यायलेले नाही. पन्नास मुलांपुढे सहा तास बोलायचे तर घसा जपावा लागतो, आणि निवृत्तीनंतरही ती सवय राहिली. घरात हे सर्वांना इतके ठाऊक आहे की त्यावर कोणी बोलत नाही.

त्या बारा दिवसांत मी नीट झोपले नाही. माझे नाक खरे सांगते आहे का, ही एक काळजी होती. वय झाले की वास मंदावतो. मी सकाळी उठून आधी लवंग हुंगत असे, मग चहाची पूड, मग मुलीच्या खोलीच्या दाराशी उभी राहत असे. डॉक्टरांच्या सांगण्यावरून तिच्यासाठीही मी चार बरण्या भरल्या होत्या: लवंग, लिंबाची साल, गुलाबपाणी, निलगिरी. रोज सकाळी प्रत्येक बरणी वीस आकडे मोजेपर्यंत हुंगायची आणि तो वास आठवायचा प्रयत्न करायचा. रोज ती चार वेळा "नाही" म्हणे आणि मी चार वेळा वहीच्या शेवटच्या पानावर फुली मारत असे. पतींनी एकदा वाटेत थांबून ते पान पाहिले आणि त्या दिवशी विहारात नेहमीपेक्षा लवकर गेले.

पेयांची प्रगती मात्र चांगली होती. पहिल्या पेल्यात लिकर पंचेचाळीस मिलिलिटर असे तिचे जुने माप होते. मला त्यात आलुबुखाराने लिंबू पार दडपल्यासारखे वाटले. मी चाळीस करून पाहिले, पस्तीस, तीस. तीस मिलिलिटरला लिंबाची साल, फळ आणि पेन्सिल असे तिन्ही वास वेगवेगळे उभे राहिले. गोडी कमी पडली ती तिने साखरेच्या पाकाने भरून काढली. बाकीच्या दोन्ही पेयांतही तसेच माप उतरवले. शनिवारी सायंकाळी मी वहीत अनुमान लिहून खाली रेघ मारली.

रविवारी दुपारी तीनला आम्ही रिक्षाने गेलो. रेस्टॉरंट संध्याकाळी उघडते, त्यामुळे आत कोणी नव्हते. आईला मुलीचे काम पाहायचे आहे, असे तिने सांगून ठेवले होते. मला बारपासून दुसऱ्या टेबलावर बसवले. खूण ठरली होती: प्रत्येक पेय पुढे ठेवण्याआधी ती एका वाटीत दोन चमचे माझ्याकडे पाठवणार. चमचा सरळ ठेवला तर ठीक, पालथा ठेवला तर चूक. परीक्षेला कॉपी करणाऱ्यांच्या कितीतरी खुणा मी आयुष्यात पकडल्या होत्या. ही त्यातल्या कोणत्याही खुणेइतकीच बाळबोध होती.

चारला मालकीणबाई आल्या. माझ्याच वयाच्या, केस आखूड कापलेले, सुती साडी. मला नमस्कार केला, चहा मिळाला का विचारले आणि बारसमोरच्या उंच स्टुलावर बसल्या. मुलीने पहिले पेय शेकरमध्ये बर्फासह हलवले. त्या आवाजाने मला उगीच दचकल्यासारखे झाले. वाटी आली.

मी चाखले. गार होते. गोड होते, आंबट होते, आणि बाकी काही नव्हते.

तो क्षण मी अजून विसरले नाही. माझ्या मनात पहिला विचार आला तो हा की माझाही वास गेला. मी टेबलावरच्या बशीतली लिंबाची फोड उचलून हुंगली. लिंबू होते. रुमाल हुंगला, त्याला साबणाचा वास होता. मग मी दुसरा चमचा तोंडात घेतला आणि थुंकायचे सोडून तो तसाच धरून ठेवला. सहा-सात आकडे मोजेपर्यंत काही झाले नाही. मग घोट तोंडात कोमट झाला आणि आलुबुखार हळूहळू वर आला, बदाम आला, पेन्सिल आली.

वास म्हणजे पदार्थातून सुटून हवेत येणारे कण. पदार्थ जितका थंड तितके ते कमी सुटतात. हे मी बत्तीस वर्षे फळ्यावर लिहिले होते. पाणी मोजले, लिंबू मोजले, बर्फाऐवजी पाणी घालून त्याचाही हिशेब जमवला, आणि तापमान तेवढे विसरले. पंचेचाळीस हे तिचे माप गार पेल्यासाठी होते. ते मी कोमट पेल्यासमोर बसून खोडले होते.

मी चमचा पालथा ठेवला.

मुलगी पाण्याचा जग घेऊन आली. मी हळूच म्हणाले, "आपण सगळं कोमट चाखलं." पुढे सांगावे लागले नाही. तिचा चेहरा उतरला. जुन्या मापावर जावे तर पाकाची गोडी जास्त होईल, ती किती कमी करायची हे मला माहीत नव्हते, आणि चाखल्याशिवाय आकडा सांगणे मला जमणार नव्हते. तिन्ही पेयांची तीच गत होती. त्यावर मी तिला जे सांगितले ते लिहायला मला लाज वाटते, पण गाळणे बरोबर नाही. बरे वाटत नाही म्हण आणि तारीख पुढे घे, असे मी तिला सांगितले. ज्या खोटेपणासाठी मी मुलांना वर्गाबाहेर उभे करत आले, त्याचीच शिफारस मी स्वतःच्या मुलीला केली, कारण मला भीती वाटत होती.

ती बारमागे गेली. तिने ग्लास मालकीणबाईंच्या पुढे ठेवला. त्यांनी एक घोट घेतला, मग आणखी एक, आणि ग्लास खाली ठेवला.

"आलुबुखार कुठाय?"

"मॅडम, मला वास येत नाही," मुलगी म्हणाली. "पाच आठवडे झाले. मी सांगितलं नाही. हे आईनं चाखलंय, आणि आमच्याकडून बर्फ राहिला."

मालकीणबाईंनी स्टूल फिरवून माझ्याकडे पाहिले. मी उठून उभी राहिले, सवयच तशी.

"तुम्ही पिता?"

"नाही," मी म्हणाले. "थुंकते. चूक माझी आहे. तापमान स्थिर ठेवलं, पण चुकीचं."

"माझ्या बारमध्ये इतकं स्पष्ट उत्तर आजवर कोणी दिलं नव्हतं," त्या म्हणाल्या. हसल्या नाहीत. मग मुलीकडे वळून बर्फ काढायला सांगितला.

त्यानंतर तास-दीड तास आम्ही तिघी बारपाशी होतो. तीसपासून पंचेचाळीसपर्यंत पाच-पाचने माप वाढवत तिने पहिल्या पेयाचे चार पेले केले, सगळे बर्फ घालून. एक चमचा मी, एक चमचा मालकीणबाई. आधी कोणी बोलायचे नाही, कागदावर आकडा लिहायचा, असे मी सुचवले आणि त्यांना ते पटले. पहिल्या पेयात दोघींनीही चाळीस लिहिले. कोकमाच्या पेयात माझे पस्तीस, त्यांचे चाळीस. तेव्हा मुलीने नुसत्या जिभेवर चाखून काळे मीठ दोन दाण्यांनी कमी केले आणि माझाही आकडा चाळीसवर गेला. बर्फाने माझा घसा दुखू लागला होता. मी ते कोणाला सांगितले नाही.

शेवटी मालकीणबाईंनी ग्लास बाजूला सारले. यादी गणपतीनंतर लागेल, असे त्या म्हणाल्या. मग मुलीला उद्देशून म्हणाल्या, "नाक गेलं त्याचं मला काही नाही. पाच आठवडे गप्प बसलीस, त्याचं आहे. वास परत येईतोवर चाखायचं काम माझ्याकडे. बाणेरचं दिवाळीनंतर बघू." मला त्या इतकेच म्हणाल्या की रविवारी यायचे असेल तर यावे, नसेल तर नको, घसा आपला आहे. म्हणजे त्यांनी पाहिले होते.

घरी आलो तेव्हा पती दारातच होते. "पास की नापास?" त्यांनी विचारले.

"निकाल राखून ठेवलाय," मुलगी म्हणाली. ते आत गेले आणि माझ्यासाठी हळद घालून पाणी गरम करून आणले. पौर्णिमेला वंदना म्हणताना माझा आवाज बसलेलाच होता. पाचव्या शीलाशी त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. मी ओठ हलवले.

दिवाळीला आता फार दिवस उरलेले नाहीत. मी दर रविवारी जाते, गळ्याला मफलर गुंडाळून. बाणेरच्या शाखेत रंगकाम सुरू झाल्याचे मुलीने सांगितले, पण पुढचे वाक्य बोलली नाही आणि मीही विचारले नाही. बरण्या रोज सकाळी चालू आहेत. वहीतली फुल्यांची तीन पाने भरली.

परवा लवंगेची बरणी नाकाशी धरून ती एकदम म्हणाली, "आई, काहीतरी जळतंय."

मी धावत स्वयंपाकघरात गेले. शेगडी बंद होती. ओट्यावर दुधाचे पातेले झाकून ठेवलेले होते, गार. मी खाली वाकून दोन्ही बटणे पाहिली, इस्त्रीची वायर पाहिली, देव्हाऱ्यासारख्या कोनाड्यात बुद्धमूर्तीपुढची अगरबत्ती पाहिली; ती अजून लावलेलीच नव्हती. घरात कुठेही काही जळत नव्हते. परत आले तेव्हा ती तशीच बसून होती. बरणी खाली ठेवून तिने पुन्हा नाकाशी नेली, पुन्हा खाली ठेवली.

"यातनं येतंय," ती म्हणाली. "जळकं. घाण आहे."

वास परततो तेव्हा कधीकधी चुकीचा परततो आणि मग हळूहळू नीट होतो, किंवा तसाच राहतो, असे डॉक्टर म्हणाले होते. मी पेन घेतले. लवंगेच्या रकान्यात पहिल्यांदाच फुली मारली नाही. तारीख घातली आणि तिने सांगितला तो शब्द लिहिला: जळकं. मग लिंबाच्या सालीची बरणी उघडून तिच्यापुढे केली आणि आकडे मोजायला लागले.